पडदा उघडल्यावर बदललेला आवाज

परवा पुतण्यानं घरी बोलावलं. त्यानं नवे स्पीकर घेतलेत आणि त्यांना जोडायची वायर परदेशातून मागवलीय. काका, तुम्ही येऊन ऐकाच, म्हणाला. गेलो. चहा झाला. आधी जुनी वायर लावून त्यानं एक गाणं ऐकवलं, मग नवी लावून तेच गाणं. "कळला फरक? आवाज किती मोकळा झाला बघा." मी म्हणालो, "बाबा, तू खुर्चीत बस आणि डोळ्यांवर रुमाल बांध. मी मागं जाऊन वायर बदलीन, नाहीतर बदलणारही नाही. तू नुसतं ऐकून सांग, कुठली लावलीय." पोरगं फुरंगटलं. "मला ऐकू येतंय ना काका? मग परीक्षा कशाला?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. घरी येऊन धड जेवलो नाही. बायको म्हणाली, "त्याची वायर, त्याचा पैसा. तुमचं काय जातंय?" माझं काय जातंय तेच सांगायला हे लिहायला बसलोय. संपादकांनी खरं तर धंद्यातल्या गमतीजमती मागितल्या होत्या. त्याही येतील मधेमधे. पण मी काही गंमत करायच्या मनःस्थितीत नाही, हे वाचणाऱ्यांनी आधीच समजून असावं.

मी बेळगावच्या शहापूरचा, विणकराच्या घरचा. घरात माग, शेजारी माग, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिवसभर खटाखट. असल्या गल्लीतल्या पोरानं कानाचा धंदा करावा हे आमच्या आप्पांना शेवटपर्यंत पटलं नाही. "हितं कुणाला काय ऐकू येतंय रं?" म्हणायचे. तरी मी रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि सत्तर आणि ऐंशीची दशकं त्यातच घालवली. बंद पडलेलं यंत्र चालू करणं हा या धंद्यातला सोपा भाग. चालू असलेल्या यंत्राबद्दल माणसाचं समाधान करणं हे मात्र महाकठीण काम.

जवळच्या कंग्राळी गावची माणसं जत्रेसाठी कर्णे ठरवायला यायची. दोन कर्णे वाजवून दाखवा म्हणायची, आणि ज्याचा आवाज मोठा तो चांगला असं ठरवून मोकळी व्हायची. एकदा मी मुद्दाम एकच कर्णा आतल्या खोलीतून दोनदा वाजवला. दुसऱ्या खेपेला बटन केसभर पुढं सरकवलं, बस्स. बाहेर आलो तर गावचे पाटील म्हणतायत, "अण्णा, ह्यो दुसरा लई झ्याक हाय. पयला आपला किरकिऱ्या." मी खरं सांगितलं तेव्हा सगळे हसले, पाटील सगळ्यांत मोठ्यानं. त्यांचा काही दोष नव्हता. माणसाच्या कानाची रीतच अशी आहे. आवाज थोडा मोठा झाला की तो मोठा झालाय हे कळत नाही, चांगला झालाय असं वाटतं. म्हणून दोन यंत्रांची तुलना करायची तर आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यायचा. तोही कानानं नव्हे, मीटरच्या काट्यानं. एवढी गोष्ट मी आयुष्यभर लोकांच्या कानीकपाळी ओरडलो.

दुसरी गोष्ट नावाची. एक वकीलसाहेब होते. माणूस मोठा, बोलणं गोड, रेकॉर्डी ऐकायचा भारी नाद. त्यांच्याकडं जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर होता. व्हॉल्व्ह म्हणजे काचेचा दिव्यासारखा भाग, तापला की आवाज देतो. एक दिवस घेऊन आले. "आवाजातली ऊब गेली हो. व्हॉल्व्ह बदला." मी तपासलं. व्हॉल्व्ह ठणठणीत. फक्त आतली धूळ पुसली, काच पुसली, होता तसा लावला आणि सांगितलं, "झालं साहेब." मी पुढं काही बोलायच्या आत त्यांनी डोळे मिटून मान डोलवायला सुरुवात केली. "आता कसं. ही ऊब. ही हवी होती." मी म्हणालो, "साहेब, व्हॉल्व्ह जुनाच आहे. मी नुसतं फडकं मारलंय." तर काय म्हणावं या गृहस्थानं? "मग तुमच्या नकळत तुमच्या हातून काहीतरी झालं असणार." मी हात जोडले. अशा माणसाशी काय वाद घालायचा?

आणि तिसरी गोष्ट माझीच. ती सांगायची तर यशवंताला आणावं लागेल, आणि यशवंत आला की माझं डोकं पुन्हा तापणार. पण आता सुरुवात केलीय तर सांगतो.

यशवंत कांबळे निपाणीचा. तंबाखूच्या एका वखारीत वायरमन होता. सुटीच्या दिवशी बस पकडून बेळगावला यायचा, माझ्या दुकानात सुटे भाग निवडत बसायचा. सायकलच्या चाकापासून तयार केलेल्या यंत्रावर तो स्वतःचे ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळायचा. स्पीकरच्या पेट्या सागवानी प्लायवूडच्या, आणि आवाज घुमू नये म्हणून आतून लावायला आमच्या मागावरचं वाया गेलेलं सूत धुऊन घ्यायचा. मी तेव्हा व्हॉल्व्हचा कट्टर माणूस. ट्रान्झिस्टरचा, म्हणजे व्हॉल्व्हऐवजी बसवतात त्या चिमुकल्या भागाचा, आवाज म्हणजे पत्र्याचा आवाज, झोपेतसुद्धा ओळखीन, असं छाती ठोकून सांगायचो. एक दिवस त्यानं आपला ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर आणला आणि माझ्या व्हॉल्व्हवाल्याशेजारी ठेवला. म्हणाला, "अण्णा, झोपेत कशाला? टॉवेल बांधू का?"

बांधला. दोन्हींचे आवाज काट्यावर सारखे करून त्यानं आलटून पालटून वाजवलं. मी ज्याला ठासून माझा म्हणालो तो त्याचा निघाला. पुन्हा बांधायला लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मीच टॉवेल सोडून त्याच्या हातात दिला. यशवंत हसला नाही. टॉवेलाची घडी घालून म्हणाला, "चहा सांगू काय?" त्या दिवसापासून मी या टॉवेलाचा भक्त झालो. माझे कान मला फसवतात हे कळलं, म्हणून काही माझं नाक कापलं गेलं नाही. उलट डोकं हलकं झालं.

आता मुख्य गोष्ट.

बेळगावात काही मंडळींचं एक श्रवणमंडळ होतं. दर रविवारी सकाळी एका साड्यांच्या व्यापाऱ्याच्या, आम्ही त्यांना शेट म्हणायचो, गोदामावरच्या दिवाणखान्यात जमायचं. चपला खाली काढायच्या, उदबत्ती लावायची, आणि मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकायच्या. डॉक्टर, प्राध्यापक, दोन-तीन व्यापारी, आणि अध्यक्ष आमचे ऊबवाले वकीलसाहेब. त्यांची यंत्रं दुरुस्त करायला मी. ऐकणारी माणसं होती, यात शंका नाही. जागा कुठली, तान कुठली, सगळं कळायचं त्यांना. पण गाणं संपलं की यंत्रांवर चर्चा सुरू व्हायची आणि मग तासभर सुटका नसायची. अमक्या देशाचा स्पीकर, तमक्या कंपनीची सुई.

मंडळानं नवा सेट घ्यायचं ठरवलं. म्हणजे ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकरच्या पेट्या. मुंबईच्या एका दुकानदारानं परदेशी सेट ऐकायला म्हणून पाठवून दिला. रुपेरी तोंड, निळा दिवा, वजन असं की दोघांनी उचलायचा. मी म्हणालो, निपाणीतही एक जण सेट बनवतो, तोही ऐका. माझ्या मनात काय होतं ते उघडच सांगतो. मंडळानं एक सेट घेतला की गावातले सगळे नादिष्ट तोच मागणार, हे मला माहीत होतं. यशवंताला तेवढंच हवं होतं. त्याची बायको रत्ना त्याच वखारीत तंबाखू चाळायला जायची. ती धूळ ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून कळणार नाही. नाकातोंडात, केसात, भाकरीत. रत्नाक्का बोलता बोलता थांबायची, भिंतीला हात लावून खोकायची, आणि मग राहिलेलं वाक्य पुरं करायची. दोन वर्षांपासून यशवंत एकच गोष्ट बोलायचा. चार सेट गेले की दुकान काढीन आणि पयलं हिला वखारीतनं बाहेर काढीन.

मी मंडळाला अट घातली. दोन्ही सेट पडद्यामागं ठेवायचे, नाव दिसता कामा नये, किंमत सांगायची नाही. वकीलसाहेब खूश झाले. "उत्तम. अगदी शास्त्रीय कसोटी. आमच्या कानांना भीती कशाची?"

नाही म्हणाला तो यशवंत. मी निपाणीला त्याच्या घरी गेलो होतो. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पडदा नको, अण्णा."

मी म्हणालो, "अरं, टॉवेलाची युक्ती तुझीच की."

"तो दोस्तांतला खेळ हुता. तुमच्या दुकानात मी तुमच्याम्होरं बसलेलो हुतो. ह्यो खेळ न्हाय." मग म्हणाला, "माझा आज्जा लई चांगला गायचा. वाड्यावर बोलवायचे त्येला. अंगणात बसवायचे, आतली माणसं आत. आवाज आत जायाचा. आज्जा न्हाय. पडद्याचं मला कवतिक सांगू नका."

मी मनात होतं ते बोललो. "यशवंता, पडदा तुझ्यावर टाकत न्हाय रं मी. त्येंच्या डोळ्यांवर टाकतोय. नाव वाचून नाक मुरडायची सवय हाय त्येंना. एकदा आवाजाला बरं म्हणू देत, मग पडदा काढू आन तुझं नाव दाखवू. मग कुठं जातील?"

रत्नाक्का चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "जातील की, अण्णा. जायाला वाटा लई असत्यात." पण यशवंत तयार झाला. माझ्यावर विश्वास ठेवून तयार झाला, हे मी विसरू शकत नाही.

पडद्याची तर वेगळीच तऱ्हा. पहिल्यांदा मी नाटकाचा मखमली पडदा आणला. त्याच्यामागून दोन्ही सेट गोधडीत गुंडाळल्यासारखे वाजायला लागले. जाड कापड बारीक सूर गिळून टाकतं, मोठे तेवढे बाहेर सोडतं. मग भावाकडून एक सुती साडी घेतली. मागावरच्या साडीच्या सुताला खळ लावलेली असते, ती सुतांमधली भोकं बुजवते. म्हणून साडी उकळून, खळबळून धुतली. तोंडाशी धरून फुंकर मारून पाहिली. फुंकर पलीकडं गेली की आवाजही जातो, हे आमच्या घरातलं ज्ञान तिथं उपयोगी पडलं. दोरीवर साडी ताणून बांधली तर शेट पुढं आले, काठ चिमटीत धरून बघितला आणि विचारलं, "ही कुणाच्या मागावरची हो?" सेट राहिला बाजूला.

आवाज सारखे केले. त्याची रीत साधी. रेडिओवर दोन स्टेशनांच्या मधली खरखर लावायची, ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर टेपरेकॉर्डरचा माईक ठेवायचा आणि दोन्ही सेटना टेपवरचा काटा एकाच जागी येईपर्यंत बटन फिरवायचं. मग मी पडद्यामागं गेलो. यशवंत मुद्दाम आलाच नाही. समोरच्या हॉटेलात चहा पीत बसला. पानाच्या तबकात सुपारी आणि दोन वाट्या दाराबाहेर ठेवल्या होत्या. प्रत्येकानं एकेकट्यानं जायचं आणि आवडलेल्या सेटच्या वाटीत सुपारी टाकायची. कुणी कुणाचं तोंड बघून मत द्यायचं नाही. मी आतून फक्त "पहिला" आणि "दुसरा" एवढंच बोलणार. गायकी वाजवली, सतार वाजवली, नुसता तबला वाजवला. सुपाऱ्या पडल्या. मग पेट्यांच्या जागा बदलून, पहिल्याला दुसरा करून, सगळं पुन्हा केलं.

दोन्ही वेळा यशवंताच्या वाटीत ढीग होता. दुसऱ्या वाटीत तळ दिसत होता. वकीलसाहेब स्वतःहून म्हणाले, "अहो, यात आणि त्यात तुलनाच नाही. यात गवई समोर येऊन बसतो." डॉक्टर म्हणाले, "तंबोऱ्याच्या तारा वेगळ्या ऐकू येतात." शेटनी तर, हाच मुंबईचा ना, घेऊन टाका, असंही म्हटलं. मी साडी ओढून बाजूला केली.

सागवानी पेट्या. पुढं पितळेची छोटी पाटी. कांबळे साउंड, निपाणी.

आमच्याकडं आडनाव कळलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. खोलीत कुणी काही वाईट बोललं नाही, हे मी मुद्दाम लिहितो. कुणी नाव ठेवलं नाही. सगळी सुशिक्षित माणसं. फक्त वकीलसाहेब घसा खाकरून म्हणाले, "आता एकदा उघडा ऐकू या."

"कशाला?" मी विचारलं.

"म्हणजे असं बघा. आपण रोज काही पडद्याआडून ऐकणार नाही. रोज उघडाच ऐकणार. मग खरी परीक्षा उघड्यावरचीच नाही का?"

मुद्दा असा बिनतोड मांडला की चांगला मार खाल्ल्यासारखं झालं. उघडा ऐकला. तीच तबकडी, तेच बटन, तीच खुर्ची. काट्याला हात लावला नव्हता. आणि डॉक्टर म्हणाले, "वरच्या सुरांत किंचित कर्कश वाटतो नाही?" प्राध्यापक म्हणाले, "हो, थोडा उथळ." ज्या तोंडांनी दहा मिनिटांपूर्वी गवई समोर बसवला होता त्याच तोंडांनी त्याला उठवून लावलं. आता बघा, ते खोटं बोलत होते असं मी म्हणत नाही. तेच तर भयंकर आहे. त्यांना खरोखर कर्कश ऐकू येत होतं. वकीलसाहेबांना पुसलेल्या व्हॉल्व्हात ऊब ऐकू आली तशीच. कान कुणाचेच बिघडले नव्हते. कानांना हुकूम दुसरीकडून येत होता.

मी ओरडलो. चारचौघांत बोलू नये असं बोललो. "साहेब, सुपाऱ्या तुमच्याच हातच्या आहेत. वाटीत मी नाही टाकल्या. तुम्हाला हा सेट नको असेल तर नको म्हणा, तुमचा पैसा आहे. पण आवाज वाईट आहे असं आता म्हणायचं नाही. ते मघाशीच ठरून गेलंय. आता दुसरं जे काय कारण असेल ते तोंड उघडून बोला."

शेट खिशातल्या डबीतला एक एक वेलदोडा सोलत राहिले. मला लोक विचारतात, डोळे झाकून ऐकण्याचा शेवटी फायदा काय? फायदा हाच. त्यानं न्याय मिळेलच असं नाही, पण खोट्या कारणाची पळवाट बंद होते. त्या दिवशी त्या खोलीत सगळ्यांना आपलं खरं कारण कळलं होतं. ते उच्चारायची हिंमत एकालाही झाली नाही.

हॉटेलातून यशवंताला बोलावलं. तो आला, चपला खाली काढून वर आला, आमची तोंडं बघितली आणि काही न विचारता आपल्या वायरी गुंडाळायला लागला. वकीलसाहेब म्हणाले, "प्रयत्न चांगला आहे तुमचा. करत राहा." यशवंत म्हणाला, "व्हय जी." बसमध्ये पेट्या चढवताना मी पुन्हा पुन्हा तेच तेच बोलत होतो, शिव्या देत होतो. शेवटी तोच म्हणाला, "अण्णा, गप बसा की आता. पेटीला ठोकर लागंल."

पुढं त्याला जत्रांची, लग्नांची कामं मिळत गेली, चिकोडीपर्यंत त्याचे सेट गेले, दुकानही झालं. पण ते लई उशिरा. हे मी त्याच वर्षाचं सांगतोय.

महिनाभरानं शेट माझ्या दुकानात आले. एकटेच. इकडचं तिकडचं बोलले आणि मग हळू आवाजात म्हणाले, "त्या दिवशीचा तो सेट. मंडळाचं राहू द्या. मला घरी हवाय एक. मुंबईचा काही मनात भरत नाही, आणि तो तुमचा निपाणीचा डोक्यातून जात नाही."

मी जागेवरून उठलोच. "घ्या की. यशवंताला आजच सांगतो."

"फक्त पाटी तुमच्या दुकानाची लावा. आणि बसवायला तुम्हीच या. त्यांचे पैसे पुरेपूर द्या, मी कमी करत नाही. माझ्या ओळखीतले आणखी तिघे-चौघे आहेत. सगळे घेतील. अट एवढीच."

बोलायला माणूस मृदू. तो गेल्यावर मला इतका राग आला की हातातली सोल्डरची तार मी भिंतीवर फेकली. नाही म्हणून सांगायचा अधिकार मात्र माझा नव्हता. चार सेट म्हणजे दुकान. दुकान म्हणजे रत्नाक्का वखारीबाहेर. मी निपाणीला गेलो आणि जसंच्या तसं सांगितलं. शेटच्या बाजूनं एक शब्द घातला नाही, आपल्या बाजूनंही नाही.

यशवंतानं हातातला पेचकस खाली ठेवला. मग म्हणाला, "करतो, अण्णा. लावा तुमची पाटी. तिचा खोकला पाटी बघून थांबणार न्हाय."

रत्नाक्का आत होती. बाहेर आली आणि पदरानं हात पुसत खाली बसली. "पाटी कुणाची बी लावा," ती म्हणाली. "आवाज कुणाचा हाय ते मला ठाव हाय. पर बसवायला ह्येच जातील. म्होरल्या दारानं. आन पयली तबकडी शेटच्या दिवाणखान्यात खुर्चीवर बसून ऐकतील. मी बी संगं जाणार. एवढं सांगा शेटला."

यशवंत म्हणाला, "अगं, कशाला? सोन्यासारखं काम आलंय."

"ज्येच्या घरात वाजणार त्येनं वाजवणाऱ्याला एकदा बघावं की," ती म्हणाली आणि खोकल्याची उबळ आली म्हणून उठून परसात गेली. यशवंत तिच्या मागं बघत राहिला. माझ्याकडं वळून म्हणाला, "ती म्हणती तसं सांगा."

मी शेटच्या पेढीवर गेलो. गादीवर बसलो. सगळं सांगितलं. शेटनी हातातल्या साडीची घडी सरळ केली, परत घातली. "त्यांनी यायला माझी हरकत नाही हो," ते म्हणाले. "मी काही तसला माणूस नाही. पण घरात म्हातारी आई आहे. तिला या वयात कशाला त्रास? मग असं करा, राहू द्या."

मी म्हणालो, "शेट, तुम्ही डोळे झाकून निवडलेला सेट आहे तो."

"म्हणून तर दुःख होतं," शेट म्हणाले. आणि खरोखर त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं. मी त्या माणसाचा चहा न घेता उठलो. त्यानंतर मंडळाच्या कुठल्याच यंत्राला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची बस पकडून निपाणीला गेलो. काय शब्दांत सांगायचं याची वाटभर जुळवाजुळव करत होतो. यशवंत दारातच होता, सायकलच्या चाकावर तार गुंडाळत. मला बघून त्यानं चाक थांबवलं आणि बसायला पोतं अंथरलं. मी बसलो. आत चूल विझलेली होती, घर गप्प होतं. मी अजून एक अक्षर बोललो नव्हतो.

"आक्का कुठं हाय?" मी विचारलं.

"हंगाम सुरू झाला की, अण्णा," तो म्हणाला. "पहाटंच वखारीला गेली."